कारंज्याऐवजी गाळ

मी आयुष्यभर सरकारी पैसा पाण्यात घातला, आणि त्याचा मला भरपूर अभिमान आहे. निवृत्तीच्या समारंभातही मी हेच म्हणाले होते. मोठे साहेब तेव्हा हसले, पण फार नाही.

वसई-विरार पट्ट्यातल्या तळ्यांची कामं माझ्याकडे होती. हुद्दा आधी कनिष्ठ अभियंता, पुढे शाखा अभियंता. माहेर साताऱ्याकडचं, सासर तुळिंजचं. माझी नोकरी नेमकी काय आहे हे घरात कोणालाच कधी नीट कळलं नाही. नवऱ्याचे मित्र विचारायचे, "वहिनी, तळ्यात इंजिनिअरला काय काम असतं हो?" मी सांगायचे, "तळ्यात फार नसतं. तळ्याभोवती जी माणसं असतात त्यांच्यात असतं."

आणि माणसं तरी काय एकेक! एका ठिकाणी बदकाच्या आकाराच्या पायडलच्या बोटी आधी आल्या, पाणी नंतर यायचं होतं. कोणीतरी घाईने खरेदी उरकली होती. बोटी बिचाऱ्या सगळा उन्हाळा चिखलात बसून राहिल्या आणि लोक त्यांत बसून फोटो काढून घेत राहिले. दुसऱ्या एका तळ्याकाठचे गृहस्थ बेडकांची तक्रार घेऊन आले. फ्लॅट घेताना बिल्डरने बेडकांचं काही सांगितलं नव्हतं, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, "साहेब, बेडूक तुमच्या आधीपासूनचे रहिवासी आहेत. उद्या ते तुमची तक्रार घेऊन आले तर मी कोणाची नोंदवू?" त्यांनी माझीच तक्रार वर केली. तोंडाळ म्हणून माझी ख्याती झाली ती तेव्हापासून, आणि ती मी नंतर कष्टाने टिकवली.

आता धंद्यातली एक गोष्ट आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. आमच्या या किनारपट्टीत जमिनीखाली खोलवर खारं पाणी आहे. पावसाचं गोडं पाणी मुरतं ते त्याच्यावर धरतं, दुधावर साय धरावी तसं. विहिरी आणि बोअर या सायीवर जगतात. धरेल तेवढीच काढली तर साय वर्षानुवर्षं पुरते. ओरबाडली, किंवा नवी धरूच दिली नाही, की खालचं खारं वर येतं. गावातली तळी आणि वाड्यांमधली छोटी तळी, ज्यांना इथे बावखलं म्हणतात, ती ही साय धरायची जागा. तळं गाळाने भरलं की पाणी वर साचलेलं दिसतं, पण खाली मुरत नाही. आणि लोक म्हणतात, बघा, तळं कसं भरलंय!

ही गोष्ट आहे नालासोपारा पश्चिमेकडून कळंबच्या वाटेवर लागणाऱ्या एका गावाची. नाव सांगत नाही, कारण गाव वाचणारं आहे आणि भांडणारंही. गावतळ्याच्या एका अंगाला जुन्या वाड्या, दुसऱ्या अंगाला नव्या इमारतींची मोठी सोसायटी. तळ्यासाठी शासनाचा निधी आला होता आणि मंजुरीवर ‘तलाव संवर्धन व सुशोभीकरण’ असं लिहिलेलं होतं. यातला पहिला शब्द कोणी वाचत नाही, असा माझा अनुभव. आराखड्यात रंगीत दिव्यांचं कारंजं होतं, तळाला आणि काठाला सिमेंट होतं, चालायला फरशी, स्टीलचं रेलिंग आणि स्वागत कमान. गाळ काढायला जे उरत होतं ते पाहून कंत्राटदारही लाजला.

पहिल्या पाहणीला गेले तेव्हा कमळाकाकू भेटल्या. सत्तरी गाठलेली, कासोट्याचं लुगडं, तळ्याला लागून स्वतःची वाडी. वाडीत सोनचाफा, केळी, अळू, थोडी पानवेल. चाफ्याची फुलं पहाटे दादरच्या बाजारात जायची आणि त्यावर घर चालायचं. चाफ्याच्या पानांच्या करपलेल्या कडा मी पाहिल्या आणि विहिरीपाशी जायच्या आधीच काय ते समजले. तरी बादलीभर पाणी काढून चाखलं. मचूळ होतं.

"चा करू का ईचारायची पन लाज वाटते, बाय," काकू म्हणाल्या. "पानी इकतचं आनायचं नि पावन्याला चा द्यायचा."

मग त्यांनी मला सगळं सांगितलं. मुलगा उमेश मुंबईत नोकरीला, रोजची ये-जा. त्याला वाडी विकायची होती. बिल्डर दारात उभाच होता. उमेश वाईट मुलगा नव्हता, त्याचं म्हणणं सरळ होतं, पाणीच नाही तर वाडी कशाला?

"मी त्याला बोलली, येक उन्हाळा थांब. पुढच्या वैशाखात हिर गोडी झाली तर वाडी राहील. नाय झाली तर तू नि तुझा बिल्डर, मी मधी येनार नाय. मी देवाशपथ बोलली त्याला, तो पन हो बोलला."

मी त्यांना कसलाच शब्द दिला नाही. सरकारी माणसाने शब्द देऊ नये, काम करावं. पण तिथून निघताना माझा जीव थाऱ्यावर नव्हता. या बाईने माझ्या कामावर आपली वाडी पणाला लावली होती, आणि मला विचारलंही नव्हतं.

तळ्याला पावसाचं पाणी येतं कुठून, हे शोधत मी काठाने चालत गेले. भातशेतांकडून एक जुना पाट तळ्याकडे यायचा. तो सोसायटीच्या मागच्या भिंतीशी येऊन संपला. भिंतीखालचं तोंड डेब्रिज टाकून बुजवलेलं, वर सिमेंट. सोसायटीचे चेअरमन सुर्वे मुंबईच्या बँकेतून निवृत्त झालेले, कोकणातले, इस्त्रीचा शर्ट आणि स्वभावही तसाच.

"मॅडम, तो पाट-बीट काही नाही, नाला आहे. पावसात पार्किंगमध्ये पाणी भरायचं. मग सगळ्यांकडून काँट्रिब्युशन काढून आम्ही तो बंद केला."

"आणि आता पार्किंगमध्ये पाणी भरत नाही?"

"भरतं ना. पण आता ते रस्त्याकडून येतं."

म्हणजे तळ्यात जाणारं पाणी यांनी खर्च करून अडवलं, ते रस्त्याने फिरून यांच्याच गाड्या भिजवून खाडीला मिळत होतं. सोसायटीची बोअर त्यामुळेच खारावली होती आणि दारात रोज टँकर उभा होता. मी हे सांगून पाहिलं. सुर्वे म्हणाले, "ते तुमचं टेक्निकल झालं. आम्हाला फाउंटन पाहिजे. बाल्कनीतून दिसलं पाहिजे."

मोठ्या साहेबांकडे गेले. कारंजं, कमान आणि तळाचं सिमेंट रद्द करून तो पैसा गाळ काढायला आणि पाट मोकळा करायला वळवावा, असं सुधारित अंदाजपत्रक पुढे ठेवलं. साहेब सज्जन होते, पण खुर्चीत बसलेले होते.

"बाई, गाळ कोणाला दिसतो? पाहुणे फीत कापायला आले की त्यांना काय, खड्डा दाखवणार?"

"पाणी दाखवीन, साहेब."

"ठीक आहे. गाव आणि सोसायटी, दोघांची संमती आणा, मी सही करतो. एकाने जरी हरकत घेतली तर कारंजं."

म्हणून देवळाच्या सभामंडपात बैठक लावली. मी तक्ते नेले, पाण्यातल्या क्षारांचे आकडे नेले, तुमच्या-आमच्या भाषेत समजावलं. गावकरी गप्प, सोसायटीवाले मोबाइलमध्ये. गाव गप्प का, तर सोसायटी म्हणेल त्याच्या उलट बोलायचं ठरवून आलेलं, आणि सोसायटी काही बोलतच नव्हती. सुर्व्यांनी घड्याळ पाहिलं. "मॅडम, बोअरचं पाणी आम्ही फक्त वापरायला घेतो. प्यायला टँकर आहे. मग प्रॉब्लेम काय?"

मागून एक बाई म्हणाली, "वापरायला म्हणजे स्वयंपाकालापण तेच ना. टँकरचं किती पुरवणार? आणि आधीच मेली ती डाळ शिजत नाही."

"माझी पण नाही शिजत," शेजारची म्हणाली. "मी तर कुकरची रिंग बदलली."

"मी अख्खा कुकर बदलला!"

मी आकडे खाली ठेवले. विचारलं, "कोणाकोणाची डाळ शिजत नाही?" सोसायटीकडच्या जवळजवळ सगळ्या बायकांचे हात वर. रिंग बदललेल्या, शिट्टी बदललेल्या, गॅसची शेगडी बदललेल्या, आणि जुनी डाळ देतो म्हणून किराणावाला बदललेल्या. तो बापडा वाणी नाहक बदनाम झाला होता. पाणी मात्र कोणीच बदलून पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "येत्या रविवारी इथेच डाळ शिजवू. आपापलं पाणी घेऊन या."

कार्यालयात हे कळलं तेव्हा माझी पुष्कळ थट्टा झाली. अभियंता बाई आता भंडारा घालणार, असं कोणी म्हणालं.  स्वयंपाक मला येतो आणि जमिनीखालचं पाणीही थोडंफार कळतं. दोन्ही एका ठिकाणी कामाला येतंय, तर वाईट काय?

रविवारी गावातल्या केटररच्या चार शेगड्या लागल्या. तूरडाळ एकाच पिशवीतली, आणि ती सुर्व्यांनी स्वतः त्या बदनाम वाण्याकडूनच आणली. चार पातेली. एकात काकूंच्या विहिरीचं पाणी, दुसऱ्यात सोसायटीच्या बोअरचं, तिसऱ्यात टँकरचं, चौथ्यात गावाच्या दुसऱ्या टोकाच्या एका वाडीतल्या विहिरीचं. त्या वाडीतलं बावखल मालकाने अजून साफ राखलं होतं. डाळ सकाळीच ज्या त्या पाण्यात भिजत घातली होती. सुर्वे बँकेतला माणूस. प्रत्येक पातेल्याला त्यांनी स्वतः चिठ्ठी चिकटवली आणि कोणी हातचलाखी करू नये म्हणून समोर खुर्ची टाकून बसले. गाव आणि सोसायटी पहिल्यांदाच एका सतरंजीवर बसली होती. खरं सांगायचं तर निकाल काय लागेल याची मलाही खात्री नव्हती. डाळ काही माझ्या हाताखालची कर्मचारी नव्हती.

एकेक झाकण काढलं. बावखलाच्या विहिरीची डाळ फुलून मऊ झाली होती. काकूंची अर्धीकच्ची. सोसायटीच्या बोअरची डाळ सुर्व्यांनी बोटांत धरून दाबली, ती टणकन ताटात उडाली. बायका हसल्या. मी विजयी मुद्रेने शेवटचं झाकण काढलं, आणि टँकरची डाळ उत्तम शिजलेली निघाली.

"झालं तर मग!" सुर्वे उठलेच. "टँकर वाढवू. भिंत कशाला फोडायची?"

माना डोलायला लागल्या. काकू माझ्याकडे बघत होत्या, आणि मला त्यांच्याकडे बघवेना. तेवढ्यात दाराशी टँकरचा ड्रायव्हर उभा दिसला. पाणी द्यायला आलेला, गर्दी पाहून आत डोकावला होता. मी त्याला हाक मारली आणि विचारलं, "भाऊ, टँकर कुठे भरता?"

तो सहज म्हणाला, "वरच्या गावात, विहिरीवर. तिथे तळं बारा महिने भरलेलं असतं, विहीर आटत नाही."

 मी एवढंच म्हटलं, "म्हणजे तुम्ही दुसऱ्याच्या तळ्याचं पाणी विकत घेताय, आणि स्वतःच्या तळ्याचं तोंड पैसे देऊन बुजवलंय."

पहिल्यांदा बोलल्या त्या सुर्व्यांच्या सौभाग्यवती. "अहो, उद्याच्या उद्या ती भिंत फोडा."

"अगं, जनरल बॉडी घ्यावी लागेल."

"सगळे इथेच बसलेत. हीच जनरल बॉडी. हात वर करा गं सगळ्या!"

हात वर झाले. सोसायटीच्या उलट जायचं तर आपलंच तळं बुडणार, म्हणून गावानेही नाइलाजाने केले. शिजलेल्या डाळींना लसणाची फोडणी पडली, कोणी भात टाकला, कोणी सुकट भाजून आणली. बोअरची डाळ म्हशीला गेली. साहेबांनी दुसऱ्या दिवशी सही केली, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी मलाही बोलवा जेवायला."

गाळ काढायचं काम सुरू झालं. अंदाजपत्रकात गाळ लांब नेऊन टाकायच्या वाहतुकीला मोठी रक्कम धरली होती. पण या गावात होळीनंतर तळ्याचा गाळ पाट्या भरभरून वाडीत टाकायची जुनी चाल होती. मजूर मिळेनासे झाले तशी ती मोडली. मी गाळ तपासून घेतला, त्यात गटाराचं काही नाही याची खात्री केली, आणि दवंडी दिली, की ज्याने त्याने आपला ट्रॅक्टर आणावा. दुसऱ्या सकाळपासून रांग. माझा पहिला, तुझा नंतर, यावरून हमरीतुमरी. कंत्राटदार कपाळाला हात लावून म्हणाला, "मॅडम, गाळासाठी माणसं भांडताना मी आयुष्यात पाहिली नव्हती." वाहतुकीचा पैसा वाचला तो पाटाला लावला. तोंडाशी जाळी, अलीकडे गाळ बसायला कुंडी. काठाला दगड रचले ते सिमेंटशिवाय, म्हणजे झरे मोकळे राहावेत. तळ्याचा उग्र वास सुटला तेव्हा बाल्कन्यांतून आरडाओरडा झाला, पण सुर्वेच आता सगळ्यांना गप्प करत होते. स्वतः भिंत फोडलेल्या माणसाइतका कट्टर कोणी नसतो.

पावसाळ्यात पाट वाहिला. तळं चढलं. सुर्व्यांचा फोन आला, आवाज असा की मला वाटलं अपघात झाला. "मॅडम, पार्किंग कोरडं! खालून सगळं पाणी तळ्यात चाललंय!" मी घरात एकटीच होते, मोठ्याने हसले, आणि मग उगाच रडूही आलं.

आता या पैशाचं पुढे काय झालं ते सांगते, कारण कारंज्याचा हिशोब सगळे विचारतात, गाळाचा कोणी विचारत नाही. सोसायटीचा टँकर आधी कमी झाला, मग कधीतरीच यायला लागला. त्या ड्रायव्हरने टेम्पो घेतला, आता वाड्यांची फुलं-भाजी तोच स्टेशनला पोचवतो. गाळ पडलेल्या वाड्यांत अळूची पानं सुपाएवढी झाली. सोसायटीतल्या बायका खाली उतरून वाडीतच भाजी घ्यायला लागल्या. तळ्याकाठी संध्याकाळी चार गाड्या उभ्या राहिल्या, भजीची, भुट्ट्याची. सरकारने तळ्यात घातलेला पैसा असा दारोदार फिरला.

आणि त्याच पैशाने जमिनीचे भावही वाढवले. शेजारच्या नव्या इमारतीच्या जाहिरातीत ‘तलावदर्शनी सदनिका’ असं झळकलं. आमच्या सभेत जिच्या पाण्याने पहिली डाळ शिजली ती विहीर, ते बावखल आणि ती वाडी मालकाने विकून टाकली. भराव पडताना मी तिथे गेले होते. अडवायला माझ्या हातात एकही कागद नव्हता, आणि मालकाला दोष द्यायला तोंड नव्हतं. त्याला तेवढा भाव आला तो मी तळं साफ केलं म्हणून. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, आणि आजही त्या रस्त्याने जाताना मी मान फिरवते.

कमळाकाकूंच्या बिल्डरनेही भाव चढवला हे माझ्या कानावर होतंच. वैशाख उजाडला. काकूंचा निरोप आला, येऊन जा. मी क्षार मोजायचं यंत्र पिशवीत टाकलं आणि गेले.

उमेश अंगणातच होता. सुट्टी घेऊन राहिला होता. मला पाहून हसला, पण थकलेला दिसत होता. "मॅडम, तुम्हीच भाव वाढवलात. आता सोडवत पण नाही आणि ठेववत पण नाही."

मी विहिरीत बादली सोडली. यंत्र बुडवलं, आकडा पाहिला, खात्री होईना म्हणून पुन्हा बुडवलं. मग पेला भरून उमेशच्या हातात दिला. त्याने एक घोट घेतला, थांबला, आणि उरलेला सगळा पेला पिऊन टाकला. लहानपणचं पाणी कोणाला ओळखू येत नाही?

"गोडं हाय ना?" काकू ओटीवरून म्हणाल्या.

"आई, गोड आहे. मी शब्द मोडत नाही. पण भाव बघ ना किती दिलाय त्याने..."

"भाव कशाचा आला? पान्याचा. नि पानी कोनाच्या हिरीत हाय?"

 उमेशने पेला विसळून कठड्यावर पालथा घातला आणि मला म्हणाला, "चला, तुम्हाला आईचा उद्योग दाखवतो." आम्ही वाडीच्या मागच्या अंगाला गेलो. बिल्डरच्या माणसांनी आठवड्यापूर्वी येऊन मोजणी केली होती आणि इमारत कुठून कुठे उठणार त्या रेघेवर लाकडी खुंट्या ठोकून गेले होते. त्या एकेका खुंटीच्या बुडाशी खड्डा होता, खड्ड्यात तळ्याचा काळा गाळ होता, आणि गाळात सोनचाफ्याचं एकेक कोवळं कलम सुतळीने खुंटीला बांधून उभं केलेलं होतं. माती ओली होती. म्हणजे मी यंत्र घेऊन यायच्या कितीतरी आधीच काकूंनी निकाल लावून टाकला होता.

काकू मागून पाण्याची कळशी घेऊन आल्या. मी बघतच राहिले आहे हे पाहून म्हणाल्या, "खुंट्या चांगल्या सागाच्या हायेत, बाय. त्या बिल्डरला सांग, कलमं धरली का परत घेऊन जा."